दीडशेची गाडी

"बिल मुलीच्या नावावर करा," भाऊसाहेब म्हणाले. "म्हणजे पुढं कुणी त्याला हुंडा म्हणायला नको."

अजून कुठली गाडी घ्यायची ते ठरलं नव्हतं, किमतीचा विषय निघाला नव्हता, मी त्यांना पाणीसुद्धा दिलं नव्हतं. माणूस खुर्चीत टेकायच्या आधी बिलाचं बोलला, त्यावरूनच मी ओळखलं की हा सौदा सरळ होणार नाही.

२००६ सालचा मे महिना होता. बार्शीत परांडा रोडला मोटारसायकलचं एक शोरूम होतं आणि मी तिथं सहा वर्षं विक्रीचं काम बघत होते. मालक त्या दिवशी सोलापूरला गेलेले, त्यामुळं सूट किती द्यायची ते माझ्या हातात होतं. माझं वय तेव्हा एकोणतीस. भाव करायला समोर बाई बसलेली बघून गिऱ्हाइकांना आधी हायसं वाटायचं. अर्ध्या तासानं वाटेनासं व्हायचं.

चौघं आले होते. पुढं भाऊसाहेब, म्हणजे नवऱ्या मुलाचे थोरले दाजी. कडक इस्त्रीची सफारी, खिशाला दोन पेनं, बोलायचं सगळं काम त्यांच्याकडं. त्यांच्या मागं नवरा मुलगा, सुदर्शन. उंच, दिसायला चांगला. त्यानं आल्या आल्या जवळच्या गाडीवर टांग टाकली आणि क्लच दाबून सोडत बसला. मग मुलीचे वडील निवृत्ती काशीद. वैरागकडच्या एका हायस्कुलात ते प्रयोगशाळेत परिचर होते. ॲसिड उडून पडलेले पांढरट डाग त्यांच्या दोन्ही हातांवर होते. आणि शेवटी मुलगी, सारिका. बार्शीतच डी.एड.ला होती ती. दाराजवळच्या खुर्चीत बसली, ओढणीचं टोक उजव्या हाताभोवती गुंडाळून. एवढ्या उन्हाळ्यात हाताला काय गुंडाळायचं, असं एकदा माझ्या मनात येऊन गेलं. पुढं मी त्याचा विचार केला नाही.

काशीद ठरवून आले होते. त्यांनी पिशवीतून आमचंच एक पत्रक काढून टेबलावर सरळ केलं. घडी पडून पडून मधे फाटलेलं. एकशे दहा सीसीची साधी गाडी, ऑन रोड शेहेचाळीस हजार दोनशे. त्या आकड्याभोवती त्यांनी पेनानं गोल केला होता.

भाऊसाहेबांनी पत्रकाकडं बघितलंच नाही. भिंतीवर नव्या दीडशे सीसीचं पोस्टर होतं, काळ्या रंगाच्या गाडीचं. त्यांनी तिकडं बोट केलं. "आमच्या पाव्हण्याला ही शोभती."

ती चौसष्ट हजार पाचशेला पडते, असं मी सांगितलं. काशीद अगदी हळू म्हणाले, की आपलं असं ठरलं नव्हतं. भाऊसाहेबांनी हसून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. गाडीचं ठरलं होतं, म्हणाले, कुठली ते कुठं ठरलं होतं? आणि आम्ही काही मागत नाही बरं का, तुम्ही तुमच्या मुलीला देताय.

सौदा करण्यात तो माणूस तयार होता. मी रोज आवाज चढवणारी, उठून जायचं नाटक करणारी, कुर्डुवाडीला स्वस्त मिळते म्हणून दम देणारी माणसं बघायचे. यांनी त्यातलं काही केलं नाही. आधी त्यांनी एकशे दहाचाच भाव करायला घेतला, जणू तीच घ्यायची आहे. विम्यात किती सुटतं, पासिंगला खरोखर किती लागतात, पुढच्या महिन्यात किंमत वाढणार असेल तर आजच्या गिऱ्हाइकाचा मान काय, असं एकेक विचारत त्यांनी मला बाराशे रुपये खाली आणलं. वर सीट कव्हर, लेग गार्ड आणि हेल्मेट फुकट. काशीदांचा चेहरा जरा मोकळा झाला. त्यांना वाटलं, आपले बाराशे वाचले.

"हे वाचले ते सुदर्शनच्या घड्याळाला होतील," भाऊसाहेब म्हणाले.

काशीदांनी मान डोलावली.

मग भाऊसाहेब माझ्याकडं वळले. आता एवढीच सूट त्या काळ्या गाडीवर धरा, म्हणाले, आणि ती स्टॉकला आहे का तेवढं सांगा. असेल तर आजच नेतो. वरचे अठरा-एकोणीस हजार पाव्हणे दोन दिवसांत आणून देतील. नसतील जमत तर तसं त्यांनी सांगावं, म्हणजे आम्हालाही आमचा विचार करता येईल.

शेवटचं वाक्य त्यांनी बाकीच्या वाक्यांसारखंच, हसत हसत उच्चारलं. सुदर्शननं क्लच दाबायचं थांबवलं.

रजिस्टर बघून सांगते, असं मी म्हटलं. खरं तर रजिस्टर बघायची गरज नव्हती. त्याच दिवशी सकाळी ट्रकमधून एक काळी दीडशे उतरली होती आणि मागच्या गोडावूनमध्ये प्लॅस्टिक न काढता उभी होती. मला फक्त थोडा वेळ पाहिजे होता.

मी पाण्याच्या कूलरपाशी गेले तसे काशीद मागोमाग आले. त्यांनी ग्लास भरून घेतला आणि माझ्याकडं न बघता बोलले.

"मॅडम, ती मोठी गाडी नाही म्हणून सांगा. दोन महिने येत नाही म्हणा."

"असली तरी?"

"असली तरी."

मग तिथंच, ग्लास हातात धरून, त्यांनी मला सगळं सांगितलं. लग्न एकवीस तारखेला. पत्रिका वाटून झालेल्या. फंडातून सत्तेचाळीस हजार उचलले होते, त्याच्या पुढं आता उचलायला काही नव्हतं. मागच्या वर्षी सारिकाचं एक ठरलेलं मोडलं, तेव्हा त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि आठ दिवस दवाखान्यात काढले. गाडीच नाही म्हटल्यावर या लोकांना लहान गाडी घ्यावी लागेल आणि कुणाचाच शब्द खाली पडणार नाही. एवढं करा, म्हणाले. पाणी न पिताच त्यांनी ग्लास परत ठेवला.

माझंही एक लग्न मोडलं होतं. अंगठी घालून झाल्यावर, बाविसाव्या वर्षी. त्यानंतर दुसरं ठरलं नाही. माझ्या वडिलांनी दोन वर्षं भावकीतल्या कुठल्या कार्यात पाऊल ठेवलं नव्हतं. काशीद बोलत होते तेव्हा मला माझे वडील दिसत होते.

"बरं," मी म्हटलं.

भाऊसाहेब फोनवर बोलत होते. तेवढ्यात फॉर्म भरून घ्यावा म्हणून मी सारिकाला आतल्या खोलीत बोलावलं. बिलं करणारा माणूस जेवायला गेला होता. त्या खोलीचं मागचं दार गोडावूनमध्ये उघडायचं आणि उकाड्यामुळं ते सताड उघडं ठेवलेलं होतं.

ती टेबलापाशी उभी राहिली. तिची नजर दाराबाहेर गेली.

"ताई, ती काळी म्हणजे तीच ना? पोस्टरवरची?"

मी फॉर्म शोधत राहिले.

"आबांनी तुम्हाला नाही म्हणायला सांगितलंय. मी काचेतून बघत होते."

"मग?"

"आहे म्हणून सांगा."

मला रागच आला. बापाच्या हाताला ॲसिडचे डाग आणि हिला नवऱ्यासाठी मोठी गाडी पाहिजे. तुझ्या वडिलांकडं तेवढे पैसे नाहीत हे तुला माहीत आहे का, असं मी जरा तोडूनच विचारलं.

"माहीत आहे. नाहीतच," ती म्हणाली. "मग हे लोक मोडतील. त्यांनी मोडू दे."

तिनं ओढणीचा वेढा सोडवला. उजव्या हाताची मधली तीन बोटं सुजलेली होती आणि नखं मुळापर्यंत काळी पडली होती. आबांना सांगितलंय कॉलेजच्या दारात सापडली, म्हणाली. पण दार त्यांच्या जीपचं होतं. साखरपुड्यानंतर सुदर्शन तिला भेटायला दोनदा कॉलेजवर आला. दुसऱ्या वेळी ती वर्गातल्या एका मुलाकडून वही घेत होती. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. तिला जीपपाशी बोलावलं, दोन शब्द बोलला, आणि ती हात टेकून उभी होती ते दार ओढून घेतलं.

"चुकून लागलं असेल," मी म्हटलं.

"हात दिसत होता त्यांना, ताई. बघून लावलं."

बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवून बघितला. ती दचकली आणि तिनं हात पुन्हा झाकला.

मी तिला म्हटलं, हे वडिलांना सांग. तर ती म्हणाली, सांगितलं की आबा आजच मोडतील, त्यांना मी ओळखते. पण मग गावात होईल की दुसऱ्यांदा मोडलं आणि या वेळी पोरीनं मोडलं. ते त्यांना सोसायचं नाही. पैशावरून समोरच्यांनी मोडलं तर त्यात आबांची काही चूक नाही आणि माझीपण नाही. लोक दोन दिवस हळहळतील आणि विसरतील.

वीस वर्षांची होती ती. इतका नीट विचार मी माझ्या वेळी केला नव्हता.

"मॅडम, झालं का?" भाऊसाहेबांची हाक आली.

"बघते मी," असं मी तिला म्हटलं. एवढंच म्हटलं. पण तिला ते पुरलं. तिचा चेहरा एकदम सैल पडला, तिनं पेन घेतलं आणि अंगठा व करंगळीच्या मधे धरून, हळूहळू, फॉर्मवर जिथं मी खुणा केल्या होत्या तिथं तिथं सह्या केल्या. गाडी होणारच नाही अशा खात्रीनं केलेल्या सह्या होत्या त्या.

त्या खोलीपासून माझ्या टेबलापर्यंत वीस पावलं असतील. एवढा वेळ मला होता. मी बघितलं तेव्हा सुदर्शन गाडीवरून उतरून टाकीवरची स्वतःच्या बोटांची खूण रुमालानं पुसत होता. काशीद पत्रकाकडं बघत बसले होते. सारिका माझ्या मागून येऊन उभी राहिली, ते मला न बघता कळलं.

"काय मग?" भाऊसाहेबांनी विचारलं. "आहे का काळी?"

"नाही," मी म्हटलं. "दीडशेची दोन महिने तरी नाही."

"सोलापूरला विचारू का?"

"सोलापूरलाही नाही मिळायची. वरूनच माल येत नाही."

हे दुसरं मला कुणी सांगायला सांगितलं नव्हतं.

भाऊसाहेबांनी माझ्याकडं थोडा वेळ बघितलं. मग सुदर्शनकडं. त्यानं खांदे उडवले. ठीक आहे, म्हणाले, नसेल तर नसेल, मुहूर्त तर सांभाळायला पाहिजे. पुढचं सगळं पटापट झालं. गाडीला हार घातला, काशीदांनी नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. ते स्वतः समोरच्या दुकानातून पेढे घेऊन आले आणि दोन पेढे माझ्या हातावर ठेवताना त्यांचे डोळे भरून आले होते. सुदर्शननं गाडी चालू केली. सारिका मागं एका बाजूला पाय सोडून बसली. तिनं त्याला धरलं नाही, डाव्या हातानं मागची कडी धरली. जाताना तिनं माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं, रागानं का होईना, तर बरं झालं असतं असं मला पुढं कितीदा तरी वाटलं.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या महिन्यात माझ्या अकरा गाड्या गेल्या होत्या. बारावी गेली की मला दोन हजार जादा मिळणार होते. लग्न मोडलं असतं तर त्या दिवशी कुठलीच गाडी गेली नसती, मोठी नाही आणि लहानही नाही. मी ‘नाही’ म्हटलं ते एका बापासाठी, माझ्या वडिलांची आठवण येऊन, असं मी खूप वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं नाही. पण वीस पावलांत मला बारावा आकडाही आठवला होता, हेही तितकंच खरं आहे.

काळी दीडशे चौथ्या दिवशी परांड्याच्या एका माणसानं नेली. मीच विकली.

जूनच्या शेवटी भाऊसाहेब एकटेच आले. कुठल्या तरी लग्नात त्यांना तो परांड्याचा माणूस भेटला होता. त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्या गाडीच्या बिलाची तारीख फक्त दाखवा, म्हणाले. मी दाखवली नाही. पण त्यांना ती आधीच माहीत होती. मग विचारलं, खोटं कुणी बोलायला लावलं? मी म्हटलं, कुणी नाही, माझी चूक झाली, माल उतरलेला मला ठाऊक नव्हता.

"तुमची चूक असणार नाही मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही हुशार आहात. असू दे. आम्ही घरात विचारू."

घरात म्हणजे कुणाला, ते त्यांना सांगावं लागलं नाही.

मी त्या दिवशी वैरागला काशीदांच्या शाळेत फोन लावला. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. कुणीतरी ‘थांबा, बोलावतो’ म्हणालं. मला लांबून त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू आला, आणि मी फोन ठेवून दिला. काय सांगणार होते? तुमचं खोटं उघडं पडलं, एवढंच सांगून भागलं नसतं. पुढचंही सांगावं लागलं असतं.

अडीच वर्षांनी, दिवाळीनंतर, दुपारचा चहा पिताना मी पेपरात चार ओळी वाचल्या. धावत्या मोटारसायकलवरून तोल जाऊन पडल्यानं विवाहितेचा मृत्यू. खाली नाव होतं. पती गाडी चालवत होते, असं होतं. त्यांना दुखापत झाल्याचं कुठं म्हटलं नव्हतं. मी चहा संपवला आणि एका गिऱ्हाइकाला कोटेशन करून दिलं. हात कापले नाहीत. त्याची मला अजून भीती वाटते.

काशीद आले ते पुढच्या मार्चमध्ये. मला वाटलं होतं एखाद्या दिवशी ते येतील, आणि ते रागानं येतील. ते पेन्शनच्या कागदांसाठी बार्शीला आले होते. काही काम नव्हतं, सहज आलो, म्हणाले. फार वाळले होते. मी त्यांना खुर्ची दिली, तर त्यांनी ती जरा बाजूला सरकवून घेतली, भाव करायला बसतात तशी समोर नको म्हणून असेल.

पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलं होतं. काशीदांनी बरीच धडपड केली, दोनदा सोलापूरला जाऊन आले, पण बघणारं कुणी नव्हतं. लग्नानंतर सासरचे तिला गाडीवरून बोल लावायचे, म्हणाले. तुझ्या बापानं बाईला पढवून आम्हाला फसवलं, असं. पहिल्या वर्षी तिनं माहेरी काही कळू दिलं नाही. दुसऱ्या वर्षी कळलं, तेव्हा ते आणायला गेले होते. पाव्हण्यारावळ्यांनी, भावकीनं समजूत घातली आणि ते तिला न घेता परत आले.

हे सगळं ते सलग, प्रयोगाची कृती वाचून दाखवावी तसं बोलले. मग म्हणाले, "तुमची माफी मागायची होती."

"मी तुम्हाला खोटं बोलायला लावलं. तुमच्यावर उगाच पाप घातलं. कुठून तरी अठरा हजार उभे केले असते आणि दीडशेची घेऊन दिली असती, तर त्यांना बोलायला जागा राहिली नसती. पोरगी राहिली असती माझी."

तसं नाही हो काका, गाडीचा काही संबंध नव्हता, असं मी म्हणू शकले असते. तो माणूस गाडी मिळायच्या आधीपासून तसाच होता आणि तुमच्या मुलीला ते ठाऊक होतं. तिनं त्यातून सुटायची वाट शोधली होती आणि ती वाट माझ्या एका शब्दावर होती. त्यांच्या अंगावरचं ओझं त्या क्षणी मी काढून घेऊ शकले असते. फक्त ते मला माझ्या अंगावर घ्यावं लागलं असतं, त्यांच्या डोळ्यांदेखत.

ते काचेतून आतल्या खोलीकडं बघत होते.

"त्या दिवशी आत ती तुमच्याशी बोलत होती," ते म्हणाले. "बराच वेळ बोलत होती. घरात तर ती त्या महिन्यात बोलायचीच बंद झाली होती. काय म्हणत होती?"

आता कळतं, ते माफी मागायला आले नव्हते. हे विचारायला आले होते. तिचं एखादं वाक्य माझ्याजवळ राहिलं असेल तर ते मागायला आले होते.

"सही कुठं करायची ते विचारत होती," मी म्हटलं.

ते थोडा वेळ थांबले, अजून काही असेल म्हणून. मग उठले. मी चहाचं विचारलं, तर एसटीची वेळ झाली म्हणाले.

मी ती नोकरी त्याच वर्षी सोडली आणि घरीच शिकवण्या सुरू केल्या. पुढं दोनदा मी वैरागला गेले. दोन्ही वेळा स्टँडवर उतरले, उसाचा रस प्यायले आणि आले त्याच गाडीनं परत फिरले. तिसऱ्यांदा, दोन हजार पंधरा साली, विचारत विचारत त्यांच्या घरापर्यंत पोचले, तेव्हा ते जाऊन दीड महिना झाला होता. झोपेत गेले.

दोन खोल्यांचं घर. त्यांची बायको ओसरीत तूर निवडत बसली होती. मी त्यांना कधी बघितलं नव्हतं; त्या दिवशी शोरूमला त्या आल्या नव्हत्या. मी बार्शीच्या शोरूममधली, असं सांगितल्यावर त्यांनी मान वर करून नीट बघितलं आणि शेजारची चटई झटकून दिली.

मी सगळं सांगितलं. कूलरपाशी काशीद काय म्हणाले, आत सारिका काय म्हणाली, मी काय म्हटलं. बारावी गाडीसुद्धा सांगितली. नऊ वर्षं मला वाटत होतं हे सांगायला खूप वेळ लागेल. पाच मिनिटांत झालं. त्यांचा हात मधे एकदाही थांबला नाही. खडे एका बाजूला, तूर एका बाजूला.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, त्या माझ्याविषयी म्हणतायत.

"बोटांचं. ज्या दिवशी लागलं त्याच दिवशी सांगितलं तिनं मला. हळद मीच लावली. ह्यांना सांगू नको म्हणाली, तू काहीतरी कर म्हणाली. मी म्हटलं, लग्न झालं की माणसं निवळतात गं."

रस्त्यावरून कुणी तरी त्यांना हाक मारून विचारलं, पाव्हणे आलेत का. हो, बार्शीहून, असं त्यांनी सांगितलं.

"तू ह्यांना यातलं काही सांगितलं होतंस?"

"नाही."

"मीपण नाही." त्यांनी सूप खाली ठेवलं. "जाईपर्यंत विचारायचे. जेवताना, पडल्यापडल्या, कधीही. मोठी गाडी घेऊन दिली असती तर वाचली असती का गं आपली पोरगी?"

"मग तुम्ही काय म्हणायचात?"

"हो म्हणायचे," त्या म्हणाल्या. "सहा-सात वर्षं, रोज. हो, घ्यायला पाहिजे होती, असं म्हणायचे मी."

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढून घेतलं. साडेचारची बार्शी गाडी स्टँडकडून निघाल्याचा आवाज आला. मला तिनंच जायचं होतं, तरी मी उठले नाही.